पाईप सात, तोंड एक

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग तंबाखूवर आहे, पण सुरुवात एका शौकिनांच्या प्रश्नापासून करतोय. मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं: घरात जुना लाकडी पाईप सापडलाय. पाईपवाले सांगतात की एकदा ओढला की त्याला निदान एक दिवस विश्रांती द्यायची. रोज ओढायचं असेल तर चार-पाच पाईप ठेवायचे आणि आळीपाळीने वापरायचे. हे खरं आहे, की जास्त पाईप खपवायची युक्ती?

थोडक्यात उत्तर: खरं आहे. त्याला साधं शास्त्र आहे, ते आधी सांगतो. पण त्या नियमाच्या पोटात एक गोष्ट लपलीये, जी पाईपपेक्षा आपल्या चौकातल्या पुडीला जास्त लागू पडते. त्यासाठी हा भाग. आणि एक आधीच सांगून टाकतो. हे ऐकून कुणी पाईप घ्यायला निघू नका. का, ते पुढे कळेलच.

तर आधी पाईप. चांगला लाकडी पाईप बहुतेक वेळा ब्रायरचा असतो. भूमध्य समुद्राच्या काठावर एरिका आर्बोरिया नावाचं झाड वाढतं, त्याच्या मुळाशी, जमिनीलगत, एक मोठी टणक गाठ तयार होते. कोरड्या, खडकाळ जमिनीत हे झाड त्या गाठीच्या जोरावर तग धरतं. ती गाठ काढतात, कापतात, तासन् तास पाण्यात उकळतात म्हणजे आतला चीक निघून जातो, आणि मग कित्येक महिने वाळवतात. नंतर त्यातून पाईप कोरतात. फ्रान्समधलं सेंट क्लोद हे गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. हे लाकूड उष्णता सोसतं, सहज पेटत नाही, आणि ओल शोषून घेतं. हा तिसरा गुण लक्षात ठेवा.

आता ओल येते कुठून? आपण म्हणतो तंबाखू जळतो, म्हणजे कोरडा कारभार. पण कुठलीही वनस्पती जळली की धुरासोबत पाण्याची वाफ तयार होते. तंबाखूत मुळात थोडा ओलावा असतो, तोही वाफ होऊन निघतो. ही गरम वाफ वाटीतून नळीत येते, नळी तुलनेने थंड, मग तिथे तिचं पाणी होतं. चहाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की आतून थेंब धरतात, तसंच. त्यात ओढणाऱ्याची थोडी लाळ मिसळते. शेवटी शेवटी पाईपमधून गुडगुड आवाज येतो तो याच पाण्याचा.

यातलं काही पाणी लाकूड पिऊन घेतं. पाईप हाताला थंड लागला तरी आतून ओलाच असतो. तशात लगेच दुसऱ्यांदा भरला तर तंबाखू नीट पेटत नाही, सारखी काडी लावावी लागते, चव आंबट-कडू होते, आणि भिजलेल्या लाकडाला पुन्हा ताप मिळाल्याने तडा जायची भीती वाढते. म्हणून निदान चोवीस तासांचा नियम. काही जण अठ्ठेचाळीस तास म्हणतात. आपल्या जालन्याच्या एप्रिल-मे महिन्यात पाईप लवकर वाळेल, कोकणातल्या जुलैमध्ये जास्त वेळ घेईल. कपडे वाळत घालतो तोच हिशोब.

जाता जाता बाकीचे नियमही सांगतो, कारण विचारणाऱ्याला जुना पाईप नीट ठेवायचाय. पाईप गरम असताना तोंडात धरायची नळी ओढून काढायची नाही. उष्णतेने सांधा फुगलेला असतो, तो तडकू शकतो. थंड झाला की राख झाडायची आणि पाईप क्लीनर, म्हणजे कापूस गुंडाळलेली बारीक तार, नळीतून फिरवायची. वाटीच्या आत काजळीचा थर जमतो, तो पूर्ण खरवडायचा नाही. एक-दीड मिलिमीटर राहिला तर लाकडाला आगीपासून वाचवतो. जास्त जाड झाला तर तो लाकडाच्या वेगळ्या गतीने फुगतो आणि वाटीच फोडतो. नळी काळ्या एबोनाइटची असेल तर उन्हात ठेवू नका, पिवळट-हिरवी पडते. एवढं केलं तर पाईप पिढ्यान् पिढ्या टिकतो.

बघा, किती जीव लावलाय माणसाने या एका लाकडाच्या तुकड्याला! कधी थांबायचं, किती थांबायचं, कुठे पुसायचं, सगळं ठरलेलं.

पण रोज ओढणाऱ्याला एक दिवस थांबणं परवडत नाही. मग त्याने उपाय काढला. अनेक पाईप. पाईप बनवणाऱ्यांनी तर सात पाईपांचे संच विकायला काढले, आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी एक. सोमवारचा पाईप सोमवारी ओढला की पुढच्या सोमवारपर्यंत त्याला सुट्टी.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ही पद्धत रोजच्या वापरातली आहे, तिला राउंड रॉबिन म्हणतात. समजा एखाद्या ॲपवर हजारो रिक्वेस्ट येतायत. एका सर्व्हरवर सगळा भार टाकला तर तो बसेल. म्हणून तीन-चार सर्व्हर ठेवायचे, पहिली रिक्वेस्ट पहिल्याला, दुसरी दुसऱ्याला, फिरून परत पहिल्याकडे. कालव्याच्या पाण्याची पाळी येते ना, डोक्यात तसंच चित्र आणा. यात प्रत्येक सर्व्हरला दम खायला वेळ मिळतो, पण येणारं काम एका पैशाने कमी होत नाही. उलट जास्त काम घेता यावं म्हणूनच ही व्यवस्था असते.

आता हेच पाईपला लावा. सात पाईपांनी कोणाला विश्रांती मिळाली? पाईपांना. ओढणारा रोज ओढतोच आहे. एकच पाईप असता तर त्या ओल्या लाकडाने त्याला सांगितलं असतं की आज झालं, आता उद्या. सात पाईप आले आणि ते सांगणारं कुणी उरलं नाही. पाईप सात, पण तोंड एक, जीभ एक, घसा एक. त्यांच्यासाठी पाळी नाही.

हा झाला मुद्दा. आता तो आपल्या मुलखात आणतो.

पाईप म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना दोन चेहरे पटकन आठवतात. एक वसंतराव नाईक, १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री. परभणीच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे आणि ज्यांची जयंती, १ जुलै, आपण कृषी दिन म्हणून पाळतो, ते. पाईप हातात घेतलेले त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. दुसरे बाळासाहेब ठाकरे, आधी पाईप, नंतर सिगार. पण पाईप हा आपल्याकडे थोड्यांचाच राहिला. साहेबलोक, लष्करातले अधिकारी, काही लेखक, पुढारी. सामान्य माणसाचा पाईप म्हणजे चिलीम.

आणि या गोष्टीत दख्खन फार आधीपासून आहे. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर भारतात आला. अकबराच्या दरबारात तो पोचला १६०४ च्या सुमारास, आणि तो नेणारा असद बेग हा सरदार तो विजापूरहून घेऊन गेला होता. म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या बादशहाच्या आधी आपल्या शेजारच्या आदिलशाहीत तंबाखू रुळला होता. असद बेगने स्वतः लिहून ठेवलंय की त्याने रत्नजडित नळीसह सगळा सरंजाम बादशहापुढे ठेवला, बादशहाने थोडे झुरके घेतले, आणि दरबारच्या हकिमाने विरोध केला. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. ती किती टिकली ते आपण आजूबाजूला बघतोच आहोत.

तर चिलीम. कुंभाराने केलेली मातीची सरळ नळी, वर रुंद, खाली निमुळती. आत एक खडा टाकतात, म्हणजे तंबाखू खाली घसरत नाही आणि हवा जाते. खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची चिंधी गुंडाळतात, तिला छापी म्हणतात. छापीमुळे धूर जरा थंड होतो आणि राखेचे कण अडतात. चिलमीत चिकटा जमला की चिंधी आरपार ओढून साफ करतात. मातीची असल्याने तिला आगीची भीती नाही. युरोपातही जुन्या काळी मातीचे पाईप लोखंडी चौकटीत ठेवून भट्टीत तापवत, आतला चिकटा जळून जाई आणि पाईप पुन्हा पांढरा होई.

आता गंमत बघा. चिलीम एक असते आणि माणसं चार-पाच. पारावर, शेकोटीला, मठाच्या ओट्यावर गोल करून बसलेली. एकाने झुरका घेतला की चिलीम पुढच्याकडे. ती फिरून परत येईपर्यंत पहिला माणूस गप्पा मारतोय, खोकतोय, आभाळाकडे बघतोय. म्हणजे इथे पाळी उलटी आहे. पाईपवाला एक माणूस आणि फिरणारे पाईप. चिलमीची एक नळी आणि फिरणारी माणसं. पाईपच्या पद्धतीत वस्तूला विश्रांती मिळते, चिलमीच्या पद्धतीत माणसाला थोडी तरी.

याचा अर्थ चिलीम चांगली होती असा अजिबात नाही. एकच छापी पाच तोंडांना लागायची, आणि टीबीच्या काळात खोकणाऱ्यांचा असा घोळका म्हणजे काय होत असेल विचार करा. धूर तर धूरच. शिवाय चिलमीत नुसता तंबाखूच भरायचे असंही नाही. मी फक्त एवढंच म्हणतोय की त्या काळच्या प्रत्येक साधनात एक अडथळा होता. चिलीम भरायला वेळ, विस्तव हवा, छापी भिजवायला पाणी हवं, सोबत हवी. पाईप वाळायला दिवस हवा. हुक्का तर उचलून शेतात नेताच येत नाही. सवय जडलेल्या माणसालाही मध्ये मध्ये थांबावं लागायचं, त्याची इच्छा असो वा नसो.

मग एकेक करून हे अडथळे गेले. विडी आली. तेंदूच्या पानात गुंडाळलेली, खिशात मावणारी, ओढली की फेकून द्यायची. सिन्नर, सोलापूर, गोंदिया या भागात हजारो हातांनी, त्यात बायकाच जास्त, विड्या वळल्या. मग यंत्रावरची सिगारेट. ती तर दर वेळी नवीन, कोरडी, तय्यार. वाळवायचं काही नाहीच. आणि मग पुडी. पुडीला काडीही लागत नाही, विस्तव नाही, धूर नाही, मास्तरांना वास नाही, साहेबाला कळत नाही. वर्गात, बसमध्ये, ट्रॅक्टरवर, झोपताना, कुठेही.

आता आकडे ऐका. २०१६-१७ मध्ये देशभर प्रौढांच्या तंबाखू वापराचं मोठं सर्वेक्षण झालं, ग्लोबल ॲडल्ट टोबॅको सर्व्हे. त्यात महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरचे २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. धूम्रपान करणारे किती? ३.८ टक्के. आणि धूर न काढता खाणारे, चघळणारे, मिसरी लावणारे? २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्याचा खरा तंबाखू ओढायचा नाहीये, तोंडात ठेवायचा आहे. ज्या प्रकारात एकही अडथळा नाही, तोच सगळ्यात जास्त चालतो. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ती किती पाळली जाते, तुम्ही मला सांगायची गरज नाही आणि मी तुम्हाला.

आता त्या सात पाईपांकडे परत येऊ, कारण आपल्याकडचा पुडीवाला नेमकं तेच करतो, फक्त पाईपशिवाय. एका बाजूच्या गालात तंबाखू धरून धरून तिथे चरचरायला लागतं, कातडी सोलते, तिखट लागलं की आग होते. मग तो काय करतो? बाजू बदलतो. डावा गाल दुखला की उजवा, उजवा दुखला की खालचा ओठ. फोड बरा झाला की परत डावा. ही झाली तोंडातल्या तोंडात पाळी! त्याला वाटतं आपण काळजी घेतोय. खरं तर शरीराने थांब म्हणून हाक मारली आणि त्याने दुसरा सर्व्हर जोडून दिला.

दुसरा प्रकार वस्तू बदलण्याचा. घरी सांगायला पुडी सोडली, मग दिवसाला चार सिगारेट. सिगारेटने छाती भरली, मग नुसती सुपारी. कॉलेजच्या होस्टेलवर तर दिवसा तोंडात, रात्री धूर असा दोन्ही पाळ्यांचा कारभार चालतो. कुणी म्हणतं पाईप बरा, कारण धूर छातीत घेत नाहीत. हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच धोक्याचं. पाईपचा धूर बरेच जण खोल ओढत नाहीत, कारण तोंडाच्या आतल्या कातडीतूनच त्यातलं निकोटीन रक्तात जातं. पण मग धूर थांबतो कुठे? ओठांवर, जिभेवर, घशात. जर्मन वैद्य सॉमरिंग यांनी १७९५ मध्येच लिहून ठेवलं होतं की पाईप ओढणाऱ्यांना ओठाचा कॅन्सर होतो. म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वी. पाईपवाल्याला तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचाही कॅन्सर होतो. जागा बदलते, धोका जात नाही.

तोंड किती बिघडलंय हे बघायची एक सोपी खूण सांगतो, आत्ता करून बघा. हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का? निरोगी माणसाच्या साधारण जातात. जात नसतील, तोंड पूर्ण उघडत नसेल, गालाची आतली बाजू दोरीसारखी ताठ लागत असेल, किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत जात नसेल, तर दाताच्या डॉक्टरला दाखवा. लगेच. तोंड आखडण्याचा हा आजार मुख्यतः सुपारीने होतो. म्हणून तंबाखू नाही, नुसती गोड सुपारी खातो म्हणणाऱ्यानेही बोटं घालून बघावीत.

आता आपल्या अंकुशनगरची गोष्ट. आपल्या गावाची ओळख साखर कारखान्याने, समर्थ सहकारी साखर कारखान्याने. कारखान्याचं वर्ष कसं चालतं हे आपल्याकडच्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही. हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस धडधड, तीन पाळ्या, रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग. हंगाम संपला की बंद. मग महिनोन् महिने दुरुस्ती. मिलचे रोलर खोलायचे, बॉयलरच्या नळ्या साफ करायच्या, पंप, बेअरिंग, सगळं उघडून बघायचं. पुढे रोलरचं पूजन, बॉयलरचं अग्निप्रदीपन, मग गव्हाणीत मोळी. साखर कारखान्यांत हा सगळा सोहळाच असतो. लोखंडाला विश्रांती लागते हे सगळ्यांना मान्य आहे, आणि त्यासाठी खर्च करायलाही सगळे तयार आहेत.

त्याच हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. उचल घेताना विचारतात, किती कोयते? माणसाला हत्याराच्या नावाने मोजायचं. पण हत्याराला जे मिळतं तेही त्याला मिळत नाही. कोयता बोथट झाला की थांबून धार लावतात. बैल दमला की सोडून वैरण टाकतात. आणि पहाटेपासून फडात वाकलेली बाई? ती भूक मारायला मिसरी लावते, नाहीतर चिमूट तोंडात धरते. निकोटीनने भूक मंदावते हे खरंच आहे, म्हणून ते काम करतं. तंबाखू तिथे शौक नसतो, न मिळालेल्या विश्रांतीची भरपाई असतो. त्यामुळे व्यसन म्हणजे कमजोर मन असं कुणी सरसकट बोललं की मला पटत नाही. आधी त्या माणसाला थांबायला वेळ मिळतो का ते विचारा.

आमच्या आयटीतही फार वेगळं नाही. तिथे ब्रेक घेऊ का असं विचारायला लाज वाटते, पण सुट्टा मारून येतो म्हटलं की कुणी अडवत नाही. पाच मिनिटं खाली उभं राहायचं, मोकळी हवा, मित्राशी दोन शब्द. खरी गरज त्या पाच मिनिटांची होती. सिगारेट हा त्याचा गेटपास. मी ओळखतो अशा दोघांनी सिगारेट सोडली तेव्हा पहिलं काम हे केलं की ते पाच मिनिटांचं खाली जाणं चालू ठेवलं, रिकाम्या हाताने.

मग शरीराला वाळायला किती वेळ लागतो? पाईपचे चोवीस तास आपण पाठ केले, आता हे पाठ करा. शेवटची सिगारेट विझल्यावर वीस मिनिटांत हृदयाचे ठोके खाली यायला लागतात. निकोटीन साधारण दर दोन तासांनी अर्धं होतं. म्हणून रात्रभर झोपून उठलं की पहिली तलफ एवढी जोरात येते. बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या पातळीवर येतो. दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांत रक्ताभिसरण आणि फुप्फुसाचं काम सुधारतं. एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. आणि तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचा वाढलेला धोका निम्मा व्हायला पाच ते दहा वर्षं.

हे वाळवण मध्ये पुन्हा भिजवलं की घड्याळ मागे जातं. आज पुडी नाही, उद्या सिगारेट, परवा काही नाही, शनिवारी हुक्का, याला विश्रांती म्हणता येणार नाही. ही परत सात पाईपांचीच गोष्ट झाली.

सोडायचं असेल तर दोन कामाच्या गोष्टी. एक, तलफ ही लाटेसारखी असते. येते, चढते आणि साधारण पाच-दहा मिनिटांत उतरते, तुम्ही काही केलं नाही तरी. तेवढा वेळ काढायचा. पाणी प्या, चालून या, कुणाला तरी फोन लावा. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात, डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप उडते. तीन-चार आठवड्यांत बरंच निवळतं. दोन, एकट्याने लढायची सक्ती नाही. १८००-११२-३५६ हा सरकारचा मोफत क्विटलाइन नंबर आहे, तिथे समुपदेशक बोलतात. तंबाखूच्या पुड्यांवर आणि सिगारेटच्या पाकिटांवर तो छापलेलाच असतो. रोज हातात घेऊन आपण तो वाचत नाही इतकंच.

राहिला त्या जुन्या पाईपचा प्रश्न. मित्रा, तो फेकू नकोस. घरातल्या कुणाची तरी ती वस्तू आहे. नळी हळूच काढ, आतून तार फिरव, सुकं फडकं मार, उन्हापासून लांब ठेव. तू प्रश्न विचारलास की त्याला किती दिवस विश्रांती द्यायची. माझं उत्तर आहे, कायमची दे. लाकडाला काही बिघडत नाही, आणि तो आता कुणाची वाट बघत नाहीये.

आणि ज्यांच्या खिशात आत्ता पुडी आहे, त्यांना एकच विनंती. पुढच्या वेळी गालाची बाजू बदलाल तेव्हा क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, ही बाजू का बदलतोय मी? जिथे दुखतंय ती जागा तुम्हाला काहीतरी सांगतेय. तीन बोटांची खूण आज घरातल्या एका माणसावर करून बघा, आबांवर, काकांवर, मोठ्या दादावर, जो कुणी खात असेल त्याच्यावर. ओरडू नका, भाषण देऊ नका, फक्त म्हणा, तोंड उघडा बरं जरा.

काय दिसलं ते मला कळवा. नाव सांगायची गरज नाही. पुढच्या भागात भेटू, तोपर्यंत काळजी घ्या.